हटवलेलं डिव्हाइस सहा तासांनी परत हजर: मॉनिटरिंगचं नको असलेलं स्कॅनिंग थांबवताना

तक्रार साधारण अशी असते. लिब्रेएनएमएस हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं, स्विच आणि राउटर जोडले, आलेख दिसू लागले, सगळे खूश. मग यादीत हळूहळू अनोळखी मंडळी दिसायला लागतात. रिसेप्शनवरचा आयपी फोन, हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा एनव्हीआर, कधी चक्क इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा राउटर. ॲडमिन एकेक करून ती हटवतो. संध्याकाळी बघावं तर सगळी जागच्या जागी. पुन्हा हटवायची, पुन्हा यायची. शेवटी माणूस कंटाळून नाद सोडतो आणि यादी तशीच वाढत राहते.

नाद सोडू नका. यादीत चार ओळी जास्त दिसल्याने कुणाचं काही बिघडत नाही, पण त्या ओळी तिथे येण्याआधी काय काय घडलंय ते बघा. लिब्रेएनएमएसला नवा पत्ता सापडला की ते आधी पिंग पाठवतं. उत्तर आलं की उपकरणांची माहिती विचारण्याच्या एसएनएमपी या पद्धतीच्या आवृत्त्या आणि तुमच्या कॉन्फिगमधल्या कम्युनिटी स्ट्रिंग एकामागून एक वापरून पाहतं. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत आणि टू-सीमध्ये ही स्ट्रिंग उघड्या मजकुरात जाते. म्हणजे सगळ्या स्विचना लावलेला पासवर्ड तुम्ही त्या अनोळखी यंत्राच्या हातात आपणहून देता. शेजारच्या उपकरणाला आपली माहिती सांगणाऱ्या एलएलडीपीमध्ये ओळख पटवण्याची काही सोयच नाही. कुणी लॅपटॉप भिंतीतल्या पोर्टला जोडून ‘मी एक स्विच आहे आणि माझा पत्ता अमुक’ अशी जाहिरात सुरू केली, तर तुमचा सर्व्हर विश्वास ठेवून त्याच्याकडे जाईल, आणि लॅपटॉपवाल्याला १६१ नंबरच्या पोर्टवर नुसतं ऐकत बसायचंय.

दुसरी बाजू नाजूक यंत्रांची. अमेरिकेतल्या सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजच्या २००५ मधल्या एका अहवालात ९ फुटी यांत्रिक हातांचा किस्सा आहे. ते हात चालवणाऱ्या नेटवर्कवर कुणीतरी साधा पिंग स्वीप (ओळीने सगळ्या पत्त्यांना पिंग) चालवला आणि स्वस्थ उभा असलेला एक हात अचानक १८० अंशांत फिरला. खोलीतला माणूस त्याच्या कक्षेबाहेर होता म्हणून निभावलं. यंत्रं चालवणारे पीएलसी आणि ऑफिसचे संगणक एकाच सपाट नेटवर्कवर असलेले कारखाने चाकण-भोसरीतही कमी नसतील. तिथे ‘पिंगने काय होतंय’ असं म्हणण्यापूर्वी हा किस्सा आठवावा.

एक खुलासा आधीच करतो: खाली सेटिंगांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, फाइलीत ती रोमन लिपीतच भरायची आहेत.

आधी दार शोधा

बहुतेक लोक इथेच घाई करतात. गूगलवर मिळालेली वगळण्याची ओळ कॉन्फिगमध्ये चिकटवतात आणि काही फरक पडला नाही की सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. डिव्हाइस आत यायला दारं अनेक आहेत. शेजाऱ्यांची माहिती देणारे सीडीपी-एलएलडीपी हे एक. राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या ओएसपीएफ आणि बीजीपीचे शेजारी हे दुसरं. आयपी आणि हार्डवेअरचा मॅक पत्ता यांच्या जोड्या ठेवणाऱ्या एआरपी तक्त्यावरून शोध हे तिसरं, पण ते मुळात बंद असतं, कुणीतरी हौसेने चालू केलेलं असतं. चौथं म्हणजे एसएनएमपी-स्कॅन नावाची पायथन स्क्रिप्ट, जी सगळा सबनेट, म्हणजे नेटवर्कमधला पत्त्यांचा गट, पत्त्यागणिक तपासते. आणि पाचवं दार लिब्रेएनएमएसचं नसतंच. आधीच्या ॲडमिनने क्रॉनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या वेळापत्रकात, टाकून ठेवलेली आणि सगळे विसरून गेलेली एखादी घरगुती स्क्रिप्ट असते.

कोणत्या दारातून पाहुणा आला हे इव्हेंट लॉगमध्ये लिहिलेलं असतं. हटवण्याआधी त्या डिव्हाइसचा लॉग उघडा. स्वयंशोधाने आलं असेल तर कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या डिव्हाइसच्या कोणत्या पोर्टवरून याची नोंद सापडते. हटवून टाकलं असेल तर वेळ बघा. पूर्ण डिस्कव्हरी, म्हणजे शोधाची फेरी, साधारणपणे दर ६ तासांनी चालते आणि जुन्या क्रॉन फाइलीत ती ३३ व्या मिनिटाला लावलेली असते. डिव्हाइस बारा वाजून ३३ मिनिटांच्या पुढेमागे परत आलं तर ते लिब्रेएनएमएसचंच काम. रात्री दोनला, तेही फक्त रविवारी येत असेल तर सर्व्हरवरच्या सगळ्या वापरकर्त्यांचे क्रॉन तपासा, रूटचाही.

प्रिंटरबद्दलची तक्रार मात्र वेगळी ओळखू येते. प्रिंटरमधून आपोआप कागद बाहेर पडतात, त्यावर ‘गेट / एचटीटीपी/१.०’ अशी एखादी ओळ आणि बाकी पान कोरं. हे लिब्रेएनएमएसच्या शोधाने होत नाही, कारण तो पिंग आणि एसएनएमपीपलीकडे जात नाही. प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर जे येईल ते छापायचं, एवढंच त्या पोर्टला कळतं. कुणीतरी तिथे सेवा ओळखण्यासाठी चाचणीचा मजकूर पाठवतंय. एनमॅप या स्कॅनरला हे माहीत आहे, म्हणून आवृत्ती ओळखताना तो ९१०० ते ९१०७ हे पोर्ट आपणहून टाळतो. पण ‘ऑल-पोर्ट्स’चा पर्याय दिला की ही सवलत संपते, आणि घरगुती स्क्रिप्टमध्ये ती कधी नसतेच.

‘नेट्स’मध्ये दहाची आख्खी रेंज

लिब्रेएनएमएस सापडलेला प्रत्येक पत्ता दोन याद्यांवर घासून बघतं. आधी ‘ऑटोडिस्कव्हरी’ गटातली ‘नेट्स-एक्सक्लूड’ ही वगळायची यादी, मग ‘नेट्स’ ही परवानगीची यादी. पहिलीत असेल तर सोडून देतं, दुसरीत नसेल तरीही सोडून देतं. व्यवस्था चांगली आहे. ती बिघडते परवानगीच्या यादीत १०.०.०.०/८ असं ठोकून दिलं की. त्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते येतात. ऑफिसमध्ये यंत्रं असतात दोनशे.

आपल्याकडे याला आणखी एक फाटा आहे. अनेक स्थानिक इंटरनेटवाले, विशेषतः केबलचे, ग्राहकाच्या राउटरला बाहेरच्या बाजूने १० ने सुरू होणारा खासगी पत्ताच देतात. तेव्हा दहाची आख्खी रेंज परवानगीत टाकली की कंपनीच्या आत आणि कंपनीच्या बाहेर यातली सीमाच पुसली जाते. तुमच्या राउटरला इंटरनेटवाल्याच्या स्विचची सीडीपी माहिती मिळते, लिब्रेएनएमएस तो पत्ता उचलतं, तो परवानगीत बसतो आणि तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या उपकरणावर कम्युनिटी स्ट्रिंग आजमावायला लागतो. समोरच्याला हे घुसखोरीसारखंच दिसतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत प्रवेश मिळवण्याचा उल्लेख आहे. प्रकरण तिथवर जाणार नाही बहुधा, पण इंटरनेटवाल्याने लाइन बंद करून फोन करायला लावला तरी सोमवारची सकाळ गेलीच.

तेव्हा परवानगीत फक्त ते सबनेट लिहा जिथे तुमचे स्विच, राउटर आणि सर्व्हर बसतात. मॅनेजमेंटसाठी वेगळं व्हीलॅन (स्विचवर पाडलेलं स्वतंत्र नेटवर्क) असेल तर एक ओळ पुरते. १०.२०.५.०/२४ एवढं लिहिलंत की पाहुण्यांचे फोन, कॅमेरे, बायोमेट्रिक हे सगळे वगळायच्या यादीत न टाकताही बाहेर राहतात. माझं स्पष्ट मत आहे की वगळायची यादी लांब होत चालली असेल तर परवानगीची यादी चुकली आहे. लांब यादी आज बरोबर असते आणि नवा कॅमेरा लागला की चुकीची ठरते.

इंटरनेटवाल्याकडे तोंड करून असलेल्या पोर्टवर सीडीपी आणि एलएलडीपी स्विचवरच बंद करा. तिथे त्यांचा काही उपयोग नाही, आणि तुमच्या राउटरचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बाहेरच्याला सांगायचंही कारण नाही.

फोन आणि ॲक्सेस पॉइंट

काही वेळा नको असलेली यंत्रं नेमकी परवानगीच्याच सबनेटमध्ये असतात. आयपी फोन आणि ॲक्सेस पॉइंट हे नेहमीचे. यांच्यासाठी पत्त्यांची यादी करू नका, नावावरून आणि वर्णनावरून वगळायची सोय आहे. ‘एक्सडीपी-एक्सक्लूड’मध्ये सिस्टिमचं नाव किंवा वर्णन यावर रेग्युलर एक्स्प्रेशन देता येतं आणि ‘सीडीपी-एक्सक्लूड’मध्ये प्लॅटफॉर्मवर. फोनच्या वर्णनात कंपनीचं नाव आणि ‘फोन’ हा शब्द असतोच, तेवढ्यावर भागतं. नमुना तिरप्या रेघांच्या मध्ये लिहायचा असतो, त्या विसरल्या तर तो लागू होत नाही.

आणि पत्त्यावरून डिव्हाइस जोडणंच नको असेल, फक्त डीएनएसमध्ये (नाव-पत्त्यांच्या नोंदवहीत) नाव असलेलीच यावीत असं वाटत असेल, तर ‘डिस्कव्हरी-बाय-आयपी’ बंद ठेवा. डीएनएस नीट सांभाळलेल्या जागी ही एक सेटिंग निम्मा त्रास मिटवते. आपल्याकडे असं डीएनएस किती ठिकाणी असतं, तो भाग वेगळा.

सेटिंग बदलूनही परिणाम दिसत नसेल तर कॉन्फिगची पीएचपी फाइल उघडा. तिथे लिहिलेलं मूल्य डेटाबेसमधल्या मूल्यावर मात करतं आणि वेब पानावर ती सेटिंग कुलूपबंद दिसते. जुन्या बसवणुकीत फाइलीत एक गोष्ट आणि आदेशाने डेटाबेसमध्ये दुसरी, असं हमखास सापडतं. एकाच जागी ठेवा, दुसरीकडून काढून टाका.

हे सगळं निस्तरेपर्यंत तातडीचा उपाय हवा असेल तर डिव्हाइस हटवू नका, बंद करा. हटवलं की पुढच्या फेरीत ते ‘नवं’ ठरतं आणि पुन्हा पिंग, पुन्हा कम्युनिटी. नोंद ठेवून पोलिंग, म्हणजे ठराविक वेळाने माहिती विचारणं, बंद केलं की लिब्रेएनएमएसच्या दृष्टीने ते ओळखीचंच राहतं आणि त्याच्या वाटेला कुणी जात नाही.

झॅबिक्स हे दुसरं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथल्या नेटवर्क डिस्कव्हरी नियमात रेंज असते, वगळायची वेगळी जागा नसते. १० नंबरचा पत्ता टाळायचा तर रेंज तोडून १९२.१६८.१.१-९ आणि स्वल्पविराम देऊन १९२.१६८.१.११-२५४ अशी लिहावी लागते. बरेच जण त्याऐवजी ॲक्शनमध्ये ‘होस्टचा आयपी अमुक नसेल तर’ अशी अट घालतात. त्या अटीने होस्ट यादीत जोडला जाणं थांबतं, स्कॅन होणं थांबत नाही. तुमच्या बायोमेट्रिक यंत्राला त्या अटीचा काडीचा उपयोग नाही.

स्वतःची स्क्रिप्ट असेल तर

खरी गंमत इथे आहे. घरगुती स्क्रिप्टमध्ये वगळायची यादी असते, ती वाचलीही जाते, तरी स्कॅन होतंच. पायथनमध्ये याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं, पत्त्याची तुलना मजकूर म्हणून करणं. १०.१.१ ने सुरू होणारे पत्ते हवेत म्हणून ‘स्टार्ट्सविथ’ वापरलं की १०.१.१०.५ आणि १०.१.१००.७ हेही त्यात बसतात. परवानगीसाठी वापरलं तर भलतीच सबनेट स्कॅन होतात, वगळण्यासाठी वापरलं तर हवी ती राहून जातात. शेवटचा बिंदू जोडून तात्पुरतं भागतं, पण सबनेट /२३ चं झालं की तेही कोसळतं. पत्ते तपासायला ‘आयपीॲड्रेस’ हे मॉड्यूल पायथन ३.३ पासून सोबतच येतं, तेच वापरा.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. या मॉड्यूलला १९२.१६८.१.५/२४ असं दिलं की ते व्हॅल्यू-एरर फेकतं, कारण हा सबनेटचा पत्ता नाही, त्यातल्या एका यंत्राचा आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ट्राय-एक्सेप्ट लावून चूक गिळलेली असते. मग ती ओळ यादीतून गुपचूप गळते आणि तेच यंत्र स्कॅन होतं. मॉड्यूलचा ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय बंद (फॉल्स) केला की चूक येत नाही, पण आता आख्खे २५६ पत्ते वगळले जातात. दोन्ही नको. यादीतली एकही ओळ वाचता आली नाही तर स्क्रिप्टने ओळ क्रमांक सांगून तिथेच थांबावं, एकही पॅकेट न पाठवता.

एक्सेलमधून यादी येत असेल तर १९२.१६८.००१.०१० असे शून्य भरून नीटनेटके केलेले पत्तेही भेटतात. पायथन ३.९.५ पासून हे मॉड्यूल असे पत्ते नाकारतं. जुन्या सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर हलवली आणि तेव्हापासून स्कॅन वाढलं, अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा. गिळलेली चूक इथेही असतेच.

तिसरं, आयपीव्ही६ च्या पोटातला आयपीव्ही४ पत्ता. दोन अपूर्णविराम, एफएफएफएफ, आणखी एक अपूर्णविराम आणि पुढे १९२.१६८.१.५ असा पत्ता आला तर तो आयपीव्ही४ च्या वगळलेल्या सबनेटमध्ये आहे का, याचं उत्तर पायथन ‘नाही’ असं देतं. त्याच्या लेखी ही दोन वेगळी कुळं आहेत. आतला पत्ता बाहेर काढूनच तपासा.

चौथं, नाव तपासणं आणि पत्ता वापरणं. नाव वगळलेल्या यादीत नाही म्हणून पुढे गेलो आणि डीएनएसने त्याच प्रिंटरचा पत्ता दिला. नाव एकदाच सोडवा, मिळालेला पत्ता तपासा आणि पुढे तोच वापरा.

सगळं मिळून तपासणीचा सांगाडा असा होतो:

    स्कॅन_करू_का(नाव):
        परवानगीची यादी रिकामी असेल तर → नाही
        पत्ते = नाव सोडवून मिळालेले पत्ते
        पत्ते रिकामे असतील तर → नाही
        प्रत्येक पत्त्यासाठी:
            आत आयपीव्ही४ दडलेला असेल तर तो बाहेर काढा
            वगळलेल्या कोणत्याही सबनेटमध्ये असेल तर → नाही, लॉगमध्ये कारण
            परवानगीच्या एकाही सबनेटमध्ये नसेल तर → नाही
        → हो, पुढे तपासलेले पत्तेच वापरा, नाव वापरू नका

यातली पहिली ओळ लोक गाळतात. परवानगीची फाइल हरवली किंवा रिकामी झाली तर अनेक स्क्रिप्ट ‘काही बंधन नाही’ असा अर्थ लावतात आणि राउटिंग तक्त्यात दिसेल ते सगळं स्कॅन करत सुटतात. रिकाम्या यादीचा अर्थ ‘कुणालाही परवानगी नाही’ असाच हवा.

आणि ही तपासणी कुठे बसवायची, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. बहुतेक कोडमध्ये ती यादी तयार करताना असते. मग कुणीतरी एआरपीवरून शोध जोडतं, कुणी ‘एकच पत्ता तपासा’ असा आदेश जोडतं, कुणी अयशस्वी पत्त्यांसाठी पुन्हा प्रयत्नाची रांग जोडतं, आणि या तिन्ही वाटा तपासणीला वळसा घालून जातात. पॅकेट पाठवणारं फंक्शन एकच ठेवा आणि तपासणी त्याच्या पहिल्या ओळीत घाला. यादी तयार करतानाही तपासलीत तर वेळ वाचेल, पण भरवसा या ओळीवर.

सबनेटवर नुसती फेरी मारली तर पहिला आणि शेवटचा, म्हणजे ब्रॉडकास्टचा पत्ताही त्यात येतो. त्याऐवजी ‘आयपीॲड्रेस’ मॉड्यूलमधलं ‘होस्ट्स’ वापरा. आयपीव्ही६ च्या /६४ सबनेटवर फेरी मारण्याचा विचारही करू नका, स्क्रिप्ट तुमच्या निवृत्तीपर्यंत चालेल.

एनमॅप चालवण्याआधी

‘फक्त पिंग करतोय’ असं म्हणून रूटने चालवलेला एनमॅप दुसऱ्या सबनेटमधल्या यंत्रांना आयसीएमपीच्या दोन विनंत्यांसोबत ४४३ पोर्टवर सिन आणि ८० पोर्टवर ॲक ही टीसीपीची पॅकेटंही पाठवतो. नाजूक यंत्रासाठी हे ‘फक्त’ नाही. वगळायचे पत्ते फाइलीत ठेवून ‘एक्सक्लूडफाइल’ने द्या, आणि खरा आदेश देण्याआधी तोच आदेश लिस्ट स्कॅनमध्ये चालवून बघा. त्यात लक्ष्यांना एकही पॅकेट जात नाही, कोणते पत्ते स्कॅन होतील तेवढी यादी छापली जाते. मात्र उलटी डीएनएस चौकशी होते, तीही नको असेल तर नाव सोडवणं बंद करणारा पर्याय जोडा. यादीत प्रिंटर दिसला तर तिथेच थांबता येतं.

पत्ता बदलला की

आयपीवरून वगळलेलं यंत्र डीएचसीपीवर, म्हणजे आपोआप पत्ता वाटणाऱ्या व्यवस्थेवर, असेल तर आजची वगळणूक उद्या दुसऱ्याच्याच नावावर जाते. प्रिंटर, बायोमेट्रिक, एनव्हीआर यांना डीएचसीपीमध्ये पत्ता राखून ठेवा. फोनसाठी मॅक पत्त्यावरून वगळण्याचा खटाटोप करू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनवलेला मॅक वापरतात. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो तसा बनवलेला समजा. त्यांना पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये ठेवा आणि ते व्हीलॅन परवानगीत घेऊच नका.

थांबलं का, हे तपासताना

वेब पानावर डिव्हाइस दिसत नाही म्हणजे स्कॅन थांबलं असं नाही. पॅकेट जातायत का ते मॉनिटरिंगच्या सर्व्हरवरच टीसीपीडंप हे पॅकेट दाखवणारं साधन लावून बघा: नको असलेल्या यंत्राचा पत्ता फिल्टरमध्ये द्या आणि एक डिस्कव्हरी फेरी हाताने चालवा. डीबग चालू ठेवलात तर पत्ता वगळलेल्या सबनेटमध्ये आहे किंवा परवानगीत नाही, अशी ओळही पडद्यावर येते. ओळ आली पण टीसीपीडंपमध्ये तरीही पॅकेट दिसतायत, तर ती दुसरं कुणीतरी पाठवतंय. मग पोर्ट क्रमांकावरून माग काढा. १६१ असेल तर एसएनएमपीवालं काहीतरी, ९१०० असेल तर स्कॅनर.

पीएलसी किंवा रुग्णालयातली यंत्रं असतील तर याच सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या दिशेला त्या सबनेटसाठी बंदी घाला, लॉगसकट. हा नियम पत्त्यावर लावा, वापरकर्त्यावर नको, कारण काही बसवणुकींत पिंग पाठवणारं एफपिंग रूटच्या अधिकाराने चालतं आणि वापरकर्त्यावर लावलेला नियम त्याला दिसतच नाही. त्या लॉगमध्ये दिवसाच्या चारही डिस्कव्हरी फेऱ्यांनंतर काही पडलं नाही की मग कम्युनिटी स्ट्रिंग बदला, जमेल तिथे एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीवर जा आणि कॉन्फिगमधून ‘पब्लिक’ ही सगळ्यांना ठाऊक असलेली स्ट्रिंग काढून टाका. स्ट्रिंग आधी बदलू नका, नाहीतर नवीही त्याच यंत्रांकडे पोचेल.